तारीख नसलेली साक्ष : धुळ्यातील एका बाप्तिस्म्याच्या अर्जाचा प्रकरण अभ्यास

बाप्तिस्म्यासाठी अर्ज करणाऱ्याने आपली साक्ष लेखी द्यावी, अशी आमच्या मंडळीची जुनी पद्धत आहे. प्रभूला ओळखण्याआधीचे आयुष्य, विश्वास धरला तो प्रसंग आणि त्यानंतर झालेला पालट एवढे तरी साक्षीत असावे, अशी अपेक्षा असते. या प्रकरणातील अर्जदार बाईंनी दिलेल्या कागदावर नाव, वय आणि पत्ता यांखाली एवढाच मजकूर होता : ‘मी विश्वास कधी धरला हे मला सांगता येत नाही. धरला आहे की नाही, हेही नक्की सांगता येत नाही. तरी मला बाप्तिस्मा हवा आहे.’ मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या, बैठकीत हा कागद फिरला आणि पाळकसाहेबांनी तो माझ्याकडे दिला, कारण बाप्तिस्म्याच्या उमेदवारांचा वर्ग मी घेते. पुढचे काही महिने त्या बाईंशी जे बोलणे झाले, वडिलांमध्ये जी चर्चा झाली आणि शेवटी जो निर्णय झाला, त्याची ही नोंद आहे. ती बाईंच्या संमतीने लिहिली आहे. त्यांनी ती वाचून दोन ठिकाणी दुरुस्त केली आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वरवर पाहता हा अर्ज अपुरा होता आणि परत पाठवणे सोपे होते. पण त्यात विचारलेला प्रश्न आमच्या पद्धतीपेक्षा मोठा आहे, असे मला पहिल्यापासून वाटत होते. ज्या काळात माणसाला स्वतःला विश्वास जाणवत नव्हता, त्या काळातला विश्वास नंतर ओळखता येतो का? आणि येत असेल, तर ती खरी ओळख आहे की मागाहून चढवलेला मुलामा आहे, हे कशावरून ठरवायचे?

अर्जदार

बाई सेहेचाळीस वर्षांच्या. जन्म नंदुरबार जिल्ह्यातल्या एका खेड्यात, शिक्षण मिशनच्या वसतिगृहात राहून, आणि नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून नोकरी धुळ्यात. मंडळीत लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, म्हणून इथेही मी तेच म्हणते. आई प्रार्थना करणारी होती. वडील उपासनेला येत, पण दारापाशी थांबत. नवरा आमच्या मंडळीत वाढलेला, तरुणपणीच बाप्तिस्मा घेतलेला.

सिस्टर लहानपणी शब्बाथ शाळेत नियमित जात, वचने पाठ म्हणत, नाताळच्या नाटकात मेंढपाळ होत. पण संजीवन सभांमध्ये, म्हणजे विश्वास जागवण्यासाठी भरणाऱ्या मेळाव्यांत, वक्ते जेव्हा ‘ज्यांना आज प्रभूला जीवन द्यायचे आहे त्यांनी हात वर करा’ असे म्हणत, तेव्हा त्यांनी कधीही हात वर केला नाही. ‘सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचे, माझ्या यायचे नाही. मग खोटा हात कशाला वर करायचा?’ असे त्या मला म्हणाल्या. त्यामुळे बाप्तिस्मा राहिला आणि बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, तोही नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचे ताट बाकावरून पुढे येई, तेव्हा त्या ते घेऊन, त्याकडे न पाहता, शेजारच्या बाईकडे सरकवत. वीस वर्षांहून अधिक काळ हे असेच चालले आणि त्याबद्दल कोणी त्यांना काही विचारलेही नाही.

विचारले ते त्यांच्या मुलाने. तो एकोणीस वर्षांचा झाला होता, माझ्या वर्गात येऊ लागला होता आणि एका रविवारी घरी जाताना त्याने आईला सरळ विचारले की तू ताट का पुढे देतेस. सिस्टरना उत्तर देता आले नाही. त्या आठवड्यातच त्यांनी अर्ज भरला.

ही पद्धत आली कुठून

अर्जाचा विचार करण्याआधी आमच्या पद्धतीविषयी थोडे सांगणे भाग आहे. खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आलेल्या अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स) आणि स्कँडिनेव्हियन मिशनांच्या कामातून उभ्या राहिल्या. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर, धुळे, नंदुरबार, नवापूर या पट्ट्यात आलेले हे मिशनरी स्वतः संजीवन चळवळींतून आलेले होते. माणूस एका विशिष्ट घडीला पश्चात्ताप करतो, विश्वास धरतो आणि नवा होतो, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता आणि तोच त्यांनी मनापासून शिकवला. पहिल्या पिढीला तो तंतोतंत लागूही पडला. ज्या घरात ख्रिस्ताचे नाव कधी ऐकू आले नव्हते, त्या घरातल्या माणसाच्या आयुष्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यामध्ये खरोखरच एक स्पष्ट रेघ होती. अनेकदा त्या रेघेची किंमत त्याने घरदार आणि भाऊबंदकी गमावून मोजलेली होती.

तिसऱ्या-चौथ्या पिढीची गोष्ट वेगळी आहे. आईच्या मांडीवर बसून ज्याने प्रार्थना ऐकली, त्याला रेघ कुठे ओढायची हे कळत नाही, आणि साक्ष तर रेघेचीच मागितली जाते. मग होते असे, की काही मुले दहावीच्या सुट्टीतल्या शिबिराची तारीख लिहितात, कारण काहीतरी लिहावे लागते. त्या मुलांना मी दोष देत नाही. पण सिस्टरनी तसे केले नाही, आणि त्यांच्या कागदाकडे नीट पाहण्याचे माझ्यापुरते पहिले कारण हेच होते.

मागे वळून पाहताना

आमचे बोलणे बहुधा त्यांची सकाळपाळी संपल्यावर, संध्याकाळी त्यांच्या घरी होई. मी एकच गोष्ट ठरवली होती : त्यांच्या आयुष्यात विश्वास शोधून काढून त्यांच्या हातात ठेवायचा नाही. वर्गात इतकी वर्षे शिकवल्यावर असा मोह होतो, आणि तो वाईट आहे, कारण दुसऱ्याने दाखवलेला विश्वास माणूस भीडेपोटी मान्य करतो आणि घरी गेल्यावर पुन्हा रिकामाच राहतो. म्हणून मी केवळ विचारत गेले की त्या वर्षांत तुम्ही काय करत होता. काय वाटत होते, हे विचारले नाही.

पहिली गोष्ट वॉर्डातली निघाली. रात्रपाळीत रुग्ण दगावला की नातेवाइकांना आत घेण्याआधी मृतदेह आवरण्याचे काम सिस्टरांकडे असते. डोळे मिटवायचे, जबडा पट्टीने बांधायचा, नळ्या काढायच्या, अंग पुसायचे, पायाचे अंगठे एकत्र बांधायचे, चादर ओढायची. सिस्टर हे सगळे झाल्यावर कपाळावर हात ठेवून मनात म्हणतात, ‘प्रभू, हा तुझा आहे.’ बाई असेल तर ‘ही तुझी आहे.’ मग चादर तोंडावर घेतात. रुग्ण कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, हे त्या पाहत नाहीत. नोकरी लागल्यापासून एकही मृतदेह त्यांनी याशिवाय आवरलेला नाही. मी विचारले की ही प्रार्थना आहे असे तुम्हाला कधी वाटले का. त्या म्हणाल्या, ‘नाही बाई. ती सवय आहे. आईने सांगितले होते, माणसाला एकटे पाठवू नये.’ ज्या बाईने हात वर केला नाही म्हणून स्वतःला प्रार्थना न येणारी मानले होते, तिच्या ओठांवर रोजच्या कामात देवाला उद्देशून एक वाक्य इतकी वर्षे होते, आणि ते प्रार्थनेच्या हिशेबात तिने कधी धरलेच नव्हते.

दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःच आशेने सांगितली. एका रात्री त्यांच्याकडून सलाईनचा वेग चुकीचा लागला होता. रुग्णाला इजा झाली नाही, कोणाच्या लक्षातही आले नाही, पण सकाळी त्यांनी मेट्रनना जाऊन सांगितले आणि त्यांची वेतनवाढ थांबली. ‘लपवून चालले नसते, वरून कोणीतरी पाहतो,’ असे त्या म्हणाल्या, आणि हा विश्वास असू शकेल का असे त्यांनी मला विचारले. मी म्हणाले की हे फार चांगले केलेत, पण यावरून मला काही ठरवता येत नाही. प्रामाणिकपणा पुष्कळांत असतो. त्यांच्याच वॉर्डात, ख्रिस्ताशी काही संबंध नसलेल्या सिस्टरांनीही असेच सांगितल्याचे त्यांना माहीत होते. वरून कोणीतरी पाहते ही भावना भयाचीही असू शकते, आणि विश्वास म्हणजे भय नव्हे. ज्याच्यावर विसंबता येते अशा कोणावर तरी विसंबणे म्हणजे विश्वास. सिस्टर थोड्या खट्टू झाल्या. पण मागे वळून पाहण्याला काही शिस्त हवी असेल, तर प्रत्येक चांगले कृत्य विश्वासाच्या खात्यात जमा करता येत नाही, हे त्यांना तिथेच सांगणे आवश्यक होते.

तिसऱ्या गोष्टीवर बोलायला बरेच दिवस गेले. सिस्टरना मुलाच्या पाठोपाठ एक मुलगी झाली होती. ती चार वर्षांची असताना मेंदूज्वराने गेली. आई स्वतः परिचारिका, लक्षणे तिने पहिल्या दिवशीच ओळखली होती, आणि तरी मूल वाचले नाही. भेटायला आलेल्या काही विश्वासणाऱ्यांनी ‘देवाची योजना’ असे शब्द वापरले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे सिस्टर उपासनेला आल्या नाहीत. नवरा मुलाला घेऊन येई. पुढे आईला अर्धांगवायू झाला, आई त्यांच्याकडे राहायला आली आणि रविवारी तिला चर्चला न्यायला कोणीतरी हवे म्हणून सिस्टर पुन्हा येऊ लागल्या. आपल्याला विश्वास नाही याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून त्या याच दोन वर्षांकडे बोट दाखवत. ‘त्या काळात मी देवाला एक शब्दही गोड बोलले नाही,’ असे त्या म्हणाल्या.

मी त्यावर काहीच म्हणाले नाही. पुढच्या भेटीत त्यांनी एक छोटी वही आणली. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगायची माहिती टिपण्यासाठी त्या एप्रनच्या खिशात अशी वही ठेवतात, आणि जुन्या वह्या टाकत नाहीत. ही वही मुलगी गेल्याच्या नंतरच्या पावसाळ्यातली होती. पाने निळ्या बॉलपेनच्या आकड्यांनी भरलेली : खाट क्रमांक, रक्तदाब, ताप, दोन वाजता इंजेक्शन, लघवीचे माप. मध्येच ‘दूध, गॅस नंबर लावणे’. आणि एका पानावर, सात नंबरच्या खाटेच्या रक्तदाबाखाली, त्याच पेनाने, त्याच घाईच्या अक्षरात : ‘तू कुठे होतास.’ प्रश्नचिन्ह नाही. पुढच्या ओळीत पुन्हा आठ नंबरच्या खाटेचा ताप. आम्ही पाने उलटत गेलो तशी ही ओळ किंवा हिच्यासारखी ओळ आणखी काही ठिकाणी सापडली. एके ठिकाणी ‘मी तुझ्याशी बोलणार नाही’ असे होते आणि दोन पानांनी ‘ऐकतोस का’.

ही वही आपण वीस-पंचवीस वेळा पाहिली असेल, पण ‘तू’ कोण, हे आजपर्यंत डोक्यात आले नव्हते, असे सिस्टर म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, ‘रागावले तीही त्याच्यावरच रागावले. दुसऱ्या कोणावर रागावताच आले नाही.’

शास्त्राच्या उजेडात

या वाक्यावर उडी मारून ‘हाच तुमचा विश्वास’ असे म्हणणे मला योग्य वाटले नाही. त्याऐवजी आम्ही दोघींनी पवित्र शास्त्रातले असे प्रसंग वाचले, ज्यांत ओळख नंतर पटली आहे. ते इतके आहेत की हा शास्त्रातला एक कायमचाच धागा आहे, असे म्हणावे लागेल. बेथेलला याकोब दगड उशाला घेऊन झोपतो, आणि जागा झाल्यावर म्हणतो की परमेश्वर या ठिकाणी आहे आणि मला ते कळले नव्हते. योहानाच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात सरळ लिहिले आहे की येशू गाढवीच्या शिंगरावर बसून आला तेव्हा शिष्यांना त्याचा अर्थ समजला नाही, आणि त्याचे गौरव झाल्यावर त्यांना हे सगळे आठवले. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या आणि सोबत्यांच्या त्या वेळच्या न-समजण्यावर पांघरूण घातलेले नाही, ही मला त्यांची मोठी सचोटी वाटते.

पण या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडला तो लूकच्या चोविसाव्या अध्यायातला अम्माऊसच्या वाटेवरचा प्रसंग. येशूला क्रुसावर दिल्यानंतर यरुशलेमेहून निघालेले दोन शिष्य वाटेत भेटलेल्या अनोळखी सोबत्याला (तो उठलेला येशूच असतो, पण ते त्याला ओळखत नाहीत) सांगतात की इस्राएलाची मुक्ती करणारा येशूच आहे अशी आम्हाला आशा होती. ‘होती’, म्हणजे आता नाही. त्यांच्याच तोंडची कबुली अशी की आशा संपली. संध्याकाळी भाकरी मोडताना त्यांचे डोळे उघडतात, तो दिसेनासा होतो, आणि मग ते एकमेकांना म्हणतात की वाटेने तो बोलत होता तेव्हा आपले अंतःकरण आतल्या आत पेटले नव्हते काय. हे पेटणे भाकरी मोडल्यावर सुरू झाले नाही. ते वाटेवरच चालू होते, ज्या वेळी ओठांवर ‘आशा होती’ हे शब्द होते त्याच वेळी. नंतर पटलेल्या ओळखीने अंतःकरण पेटवले नाही, ते पेटलेले होते एवढेच दाखवून दिले. माणूस स्वतःच्या विश्वासाविषयी त्या घडीला जे सांगतो ते खरेपणाने सांगितलेले असते, पण ते सगळे सत्य असेलच असे नाही, असा याचा माझ्यापुरता अर्थ आहे.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही आम्ही वाचले. ते अंधारातच संपते. त्यात शेवटी आशेचा एकही शब्द येत नाही. तरी ते अथपासून इतिपर्यंत परमेश्वरालाच उद्देशून आहे आणि इस्राएलाने ते प्रार्थनांच्या पुस्तकात ठेवले आहे. सिस्टरनी ते मोठ्याने वाचले आणि विचारले, ‘हे कोणी वगळले कसे नाही?’

इथे मला दोन थोर माणसांचे मागे वळून पाहणे मांडायचे आहे, कारण ती दोघे उलट दिशांना गेली. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली अमेरिकेतल्या जॉर्जियाहून निराश होऊन परतले तेव्हा, 1738च्या सुरुवातीला, त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहिले की इतरांचे परिवर्तन करायला अमेरिकेला गेलेल्या माझेच परिवर्तन झालेले नव्हते. त्याच वर्षी 24 मे रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील सभेत त्यांना तो प्रसिद्ध अनुभव आला, ज्यात आपले अंतःकरण विलक्षण ऊबदार झाल्याचे त्यांनी नोंदले. संजीवन परंपरेत साक्षीचा जो साचा रूढ झाला, त्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा आहे. पण अनेक वर्षांनी, आपले लेखन 1774 मध्ये एकत्र छापताना, वेस्लींनी त्या जुन्या वाक्याला टीप जोडली, ‘याची मला खात्री नाही’, आणि त्या काळीही आपल्याजवळ पुत्राचा नाही तरी सेवकाचा विश्वास होता, असे नमूद केले. ज्यांच्या तारखेवर इतक्या पिढ्यांनी आपापल्या तारखा बेतल्या, त्यांनीच आपल्या ‘आधी’च्या काळाकडे पुन्हा पाहून तो काळ अगदी कोरा नव्हता असे लिहून ठेवले. जुने वाक्य त्यांनी खोडले मात्र नाही. दोन्ही शेजारी राहू दिली.

पंडिता रमाबाईंचे उलट झाले. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी सांगितले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे जिथे जगाला विश्वास दिसत होता, कागदोपत्रीही होता, तिथे त्यांनी मागे वळून पाहिल्यावर उणीव ओळखली.

वडिलांच्या बैठकीत मी ही दोन्ही उदाहरणे मांडली, कारण मागे वळून पाहणे म्हणजे सगळे गोड करून घेणे, असा समज तिथे होता. ते खरे असते तर रमाबाईंची साक्ष तशी झालीच नसती. प्रामाणिक सिंहावलोकनात काही वेळा जे होते असे वाटत होते ते नव्हते असे निघते, आणि काही वेळा नव्हते असे वाटत होते ते निघते. कोणते निघेल हे आधी ठरवून जो मागे पाहतो, त्याला आपलीच इच्छा दिसते.

वडिलांचा आक्षेप

बैठकीतला सर्वांत गंभीर आक्षेप एका ज्येष्ठ वडिलांचा होता. त्यांच्या आजोबांनी ख्रिस्ताला स्वीकारल्यावर गावाने त्यांचे पाणी बंद केले होते, हे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांचा प्रश्न त्या घरातून आलेला आहे. ते म्हणाले, ‘बाई, नंतर पाहून सगळ्यालाच विश्वास म्हणता येत असेल, तर पश्चात्ताप कशाचा करायचा? उद्या प्रत्येक चांगली नर्स ख्रिस्ती ठरेल, आणि आमच्या आजोबांनी एवढे सोसले ते उगाच ठरेल.’

या आक्षेपातला चांगल्या नर्सविषयीचा भाग मला पूर्ण मान्य आहे. सिस्टरच्या सहकारी बाईही मृतांना मायेने आवरतात, आणि त्यांच्या त्या कृतीला आपण परभारे ‘ख्रिस्तावरचा विश्वास’ असे नाव द्यावे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांची श्रद्धा त्यांची आहे. तिचे नाव सांगण्याचा अधिकारही त्यांचाच आहे. मागाहून विश्वास ओळखण्याचे काम ज्याचे त्यानेच, ‘मी’ म्हणून करायचे असते. मंडळी ऐकू शकते, प्रश्न विचारू शकते, शंका घेऊ शकते, पण दुसऱ्याच्या भूतकाळावर नाव घालू शकत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या वेळी नीतिमान लोक राजाला विचारतात की प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले. तिथे ‘या लहानांतल्या एकासाठी केले ते माझ्यासाठीच केले’ असे उत्तर देणारा राजा आहे, शेजारी नव्हे.

पश्चात्तापाविषयीच्या भागाचे उत्तर मी असे दिले की हे मागे पाहणे आजच्या कबुलीची जागा घेत नाही. रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात मुखाने कबूल करणे आणि अंतःकरणात विश्वास धरणे ही जी अट आहे, ती सिस्टरनाही आहे. त्यांना आज, मंडळीसमोर, येशू प्रभू आहे असे म्हणायचे आहे आणि ते म्हणायला त्या तयार आहेत. प्रश्न एवढाच होता की ही कबुली कोऱ्या पाटीवर पहिल्यांदा उमटते आहे, की जे आधीपासून चालत आले होते त्याला आज नाव मिळते आहे. पश्चात्तापही यात सुटत नाही. उलट सिस्टर म्हणाल्या की आता मला खरा पश्चात्ताप कशाचा करायचा ते कळते आहे : इतकी वर्षे तो ऐकत होता आणि मी त्याला परक्यासारखे वागवले. हात वर न केल्याच्या अपराधी भावनेहून हे फार वेगळे आहे.

त्या वडिलांचे समाधान झाले नाही. सिस्टरना बाप्तिस्मा द्यायला त्यांचा विरोध नव्हता. पण ही रीत पायंडा पडली तर ढिलाई येईल, हे त्यांचे म्हणणे कायम राहिले. ही भीती निराधार नाही. मी सुचवले की अशा साक्षीत किमान एक गोष्ट त्या काळातली, त्या वेळी घडलेली असावी. आज आठवून आज रचलेली नको. सिस्टरच्या बाबतीत वॉर्डातले वाक्य आणि वहीतल्या ओळी अशा होत्या. दोन्हींमध्ये देवाला उद्देशून बोलणे होते, दोन्ही कोणाला दाखवण्यासाठी नव्हती, आणि दोन्ही त्या वेळी विश्वास म्हणून मोजलेली नव्हती. सलाईनची गोष्ट या कसोटीला उतरत नाही आणि ती साक्षीत आली नाही.

जे अंधारात होते ते अंधारातच

एका मुद्द्यावर मात्र मी बैठकीत कोणतीही तडजोड करू शकत नव्हते. एक तरुण वडील चांगल्या हेतूने म्हणाले की साक्षीत मुलीच्या मृत्यूतून देवाने आईला जवळ आणले, असे एक वाक्य घातले तर साक्ष पूर्ण होईल. सिस्टरना हे मी कळवले तेव्हा त्यांनी स्वच्छ नकार दिला. ‘माझी मुलगी माझ्या साक्षीसाठी गेली नाही,’ असे त्या म्हणाल्या.

त्यांचे बरोबर होते. उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात योसेफ भावांना म्हणतो की तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले. हे वाक्य आपल्याकडे दुःखाच्या घरी सर्रास वापरले जाते, आणि ते कोण म्हणतो आहे इकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते योसेफ म्हणतो, ज्याला खड्ड्यात टाकले होते तो. हेच वाक्य भावांनी खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हटले असते तर ते क्रौर्य झाले असते. शिवाय योसेफ वाइटाला वाईटच म्हणतो. ते चांगले होते असे म्हणत नाही. मुलगी गेली त्या दोन वर्षांत सिस्टरचा देवाशी संबंध तुटला नव्हता, असे त्या आज म्हणू शकतात. पण मुलगी गेली ते बरे झाले, असे म्हणण्याची गरज ना त्यांना आहे, ना कोणत्याही शास्त्रवचनाला. हा भेद पुसला गेला तर मागाहून ओळखलेला विश्वास दुःखावर घातलेली शाल होतो, आणि खाली जखम चिघळत राहते. पाळकसाहेबांनी माझे म्हणणे मान्य केले आणि ती सूचना मागे घेण्यात आली.

निर्णय

सिस्टरनी नवा कागद लिहिला. एक पानही भरले नाही. त्यात तारीख नाही. आईकडून ऐकलेले, वॉर्डात म्हटलेले, वहीत लिहिलेले, एवढे आहे. देवावर रागावले असताना मी त्याच्याशीच बोलत होते, हे मला मुलाने प्रश्न विचारल्यानंतर कळले, असे त्यांनी लिहिले आहे. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक’ ही मार्कच्या नवव्या अध्यायातल्या, आजारी मुलासाठी येशूकडे आलेल्या बापाची विनवणी त्यांनी आपली कबुली म्हणून उद्धृत केली. शेवटी आईचे एक वाक्य अहिराणीत आहे. वसतिगृहात असताना ‘मला प्रार्थना करताना काहीच वाटत नाही’ असे त्यांनी आईला सांगितले होते, त्यावर आई म्हणाली होती, ‘देवले माहीत शे, तू तुनं काम कर.’ मी विचारले की हे ठेवायचे का, सगळ्यांना कळेल का. खानदेशात कोणाला कळणार नाही, असे त्यांनीच मला उलट विचारले.

वडिलांनी अर्ज मंजूर केला. निर्णय एकमताने झाला नाही; ज्येष्ठ वडिलांनी तटस्थ राहायचे ठरवले आणि तसे नोंदवून घेतले. बाप्तिस्मा मायलेकांचा एकाच दिवशी झाला. मुलाच्या साक्षीत तारीख होती, महिना होता, शिबिराचे ठिकाण होते, आणि तीही तितकीच खरी होती. ज्येष्ठ वडील त्या दिवशी आले, पहिल्या रांगेत बसले आणि नंतर सिस्टरशी हात मिळवताना ‘सलाम’, हे आमच्या मंडळीतले नेहमीचे अभिवादन, म्हणाले.

त्यानंतर वर्गाच्या अर्जातला एक प्रश्न बदलण्यात आला आहे. ‘आपण प्रभू येशूवर कधी विश्वास धरला?’ याच्या जागी ‘आज आपला विश्वास कोणावर आहे, आणि तो आपल्यापर्यंत कसा आला?’ असे आहे. ज्यांना तारीख ठाऊक आहे ते ती अजूनही लिहितात. त्या काळातली एक तरी गोष्ट द्यावी, ही अट मात्र वडिलांनी अद्याप स्वीकारलेली नाही. ती ठेवली तर ज्यांच्याकडे वही नाही, पत्र नाही, पाहणारा माणूसही उरलेला नाही, त्यांचे काय करायचे, असा प्रश्न त्याच ज्येष्ठ वडिलांनी विचारला आहे, आणि तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.